शिष्यवृत्तीचे ऋण फेडायचे कुठे?

आदरणीय बाई,

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, वय 28. मी सहावीत असताना वडील गेले. आई काजूच्या बागायतीत रोजाने जायची, हंगामात अजूनही जाते. आठवीत मी एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आणि बारावीपर्यंत ती शिष्यवृत्ती मिळाली. अकरावीत ती बंद पडायची वेळ आली होती, पण जुन्या हायस्कूलच्या क्लार्क सरांनी स्कूटरवर बसवून वाळपईला बँकेत नेले आणि काम झाले. पुढे बी. एस्सी. आणि गोवा विद्यापीठातले रसायनशास्त्राचे एम. एस्सी. एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर केले. आता वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. मडगावला आम्ही तिघी भाड्याने राहतो, महिन्यातून दोनदा मी घरी जाते. धाकटा भाऊ फर्मागुडीला इंजिनियरिंगला आहे, त्याची फी माझ्या पगारातून जाते.

गेल्या महिन्यात ट्रस्टने जुन्या शिष्यवृत्तीधारकांचा मेळावा पणजीत घेतला. एकेकाने उभे राहून आपण समाजासाठी काय करतो ते सांगायचे होते. एक डॉक्टर खेडोपाडी शिबिरे घेतो. एकीने वाचनालय काढले आहे. एकाने मोठ्या पगाराची नोकरी सोडून मुलांसाठी संस्था काढली, त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. माझी पाळी आली तेव्हा 'मी कंपनीत आहे' एवढेच म्हणून खाली बसले. तेव्हापासून धड झोप नाही. लोकांच्या पैशांवर शिकले आणि आता आपल्यापुरतीच जगते आहे असे वाटते. नोकरी सोडून गावी येऊ का? संस्था काढू का? आईला विचारले तर म्हणाली, 'आधी घराचे छप्पर, मग गावाचे.' तिला माझे म्हणणे कळत नाही, की मलाच तिचे कळत नाही?

– एक वाचक, सत्तरी

बाय,

आयुष्यभर शाळेत शिकवले, म्हणून तुला 'तू' म्हणते. पत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा माझे सगळे लक्ष त्या मेळाव्याकडे गेले. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा स्कूटर दिसली. तू ती एका वाक्यात सांगून पुढे गेलीस. मला वाटते, तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्याच वाक्यात आहे. तिथे मी येतेच, पण आधी तू जे सरळ विचारलेस त्याचे सरळ उत्तर देते.

नोकरी सोडू नकोस. निदान आत्ता तरी नाही आणि या कारणासाठी तर नाहीच. तुझ्या पगारावर एक मुलगा इंजिनियर होतो आहे आणि एका विधवा बाईच्या घरावर छप्पर चढणार आहे. हे 'आपल्यापुरते जगणे' असेल, तर त्या शब्दांचा अर्थ मला नव्याने शिकावा लागेल. शिष्यवृत्ती देणारे फक्त एका मुलीला देत नसतात. तिच्यामागे तिचे घर उभे राहील हा त्यांचा हिशेब असतो, आणि तो तू खरा करून दाखवते आहेस. आई बरोबर बोलली. तिने 'मग गावाचे' असेही म्हटले आहे, ते तू ऐकलेस का?

भावाच्या फीचा भार थोडा हलका करता येईल. गोवा शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी शैक्षणिक कर्ज व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी असते. त्याला बसेल का ते एकदा विचारून घ्या. नोकरी लागल्यावर हप्ते त्याने फेडायचे. शिकण्याची जबाबदारी त्याच्याही खांद्यावर थोडी पडू दे.

आता तुझ्या कामाबद्दल. 'मी कंपनीत आहे' हे तू खाली मान घालून म्हणालीस, त्याचे मला फार वाईट वाटले. माझी एक जुनी विद्यार्थिनी तुझ्यासारखेच काम करते. तिने मला एकदा समजावून सांगितले होते. काचेची सहा भांडी, त्यांतले पाणी 37 अंशांवर, म्हणजे माणसाच्या अंगाइतके कोमट. सहा भांड्यांत सहा गोळ्या सोडायच्या, ठरलेल्या मिनिटाला नमुना काढायचा आणि औषध किती उतरले ते मोजायचे. गोळी वेळेत विरघळली नाही तर रोग्याच्या पोटात जाऊनही ती न घेतल्यासारखीच. ती म्हणाली, 'बाई, आकडा मर्यादेबाहेर आला की सगळे माझ्याकडे बघतात, गाडी भरायची घाई असते. मी फक्त आकडा लिहिते.' ती हे सहज बोलली, पण मी त्या रात्री रक्तदाबाची गोळी घेताना तिचा विचार केला. ही गोळी विरघळते की नाही हे मला कधी कळणार नाही. अशाच कोणीतरी खरा आकडा लिहिला, या विश्वासावर मी ती गिळते. सरकारी इस्पितळाच्या रांगेतली म्हातारीही तशीच गिळते. त्या मेळाव्यात हे सांगितले असतेस तर टाळ्या पडल्या असत्या की नाही कोण जाणे, पण सांगण्यासारखे ते नक्की होते.

तू म्हणशील, मोठ्या माणसांनी तर मोठ्या पगारावर पाणी सोडले. खरे आहे. तू रोज जातेस त्या वेर्ण्याहून सांकवाळ फार लांब नाही. धर्मानंद कोसंबी तिथले, 1876 चा जन्म. बौद्ध धर्म शिकायचा म्हणून घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घातले. पुढे कलकत्त्यात महिना 250 रुपये मिळत असताना ते सोडून सयाजीराव गायकवाडांचे महिना 50 रुपये त्यांनी पत्करले, कारण अट अशी होती की महाराष्ट्रात राहून लिहायचे. आपण शिकलो ते आपल्या माणसांना आपल्या भाषेत मिळावे ही त्यांची तळमळ होती. मुंबई विद्यापीठात पाली, म्हणजे बौद्ध ग्रंथांची भाषा, शिकवली जाऊ लागली ती त्यांच्या आणि डॉ. भांडारकरांच्या खटपटीने. शाळेत ही गोष्ट मी दरवर्षी सांगत असे.

पण वय वाढले तसे त्या गोष्टीत मला आणखी दोन गोष्टी दिसू लागल्या. एक म्हणजे त्यांनी काम बदलले नाही. पालीच शिकले आणि पालीच शिकवली, फक्त जागा बदलली. दुसरी, ते घराबाहेर पडले तेव्हा पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे राहिल्या. त्या वर्षांची किंमत बाळाबाईंनी मोजली. कोसंबींबद्दलचा माझा आदर त्याने तसूभर कमी होत नाही. पण तुझ्या घरी बाळाबाईंच्या जागी तुझी आई आहे, हे मी तुला सांगितले नाही तर माझे चुकेल.

त्याच सयाजीरावांची दुसरी शिष्यवृत्ती तुला ठाऊक असेलच. 1913 साली तरुण आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते महिना साडेअकरा पौंडांवर. करार असा होता की परतल्यावर 10 वर्षे बडोदा संस्थानची चाकरी करायची. 1917 साली ते चाकरीवर हजर झाले. पण त्या शहरात त्यांना राहायला कोणी जागा देईना. पारशी विश्रांतीगृहात उतरले होते, तिथूनही बाहेर काढले गेले, आणि त्यांना मुंबईला परतावे लागले. कागदावरचा करार असा मोडला, तोही त्यांच्या दोषाने नव्हे. पुढे 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तिने मुलांसाठी वसतिगृह चालवले. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि 1946 साली मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज. ज्या वाटेवर त्यांना जागा नाकारली गेली होती, त्याच वाटेने येणाऱ्या पोरांना त्यांनी टेकायला जागा करून दिली. परतफेड कुठे करायची याचे याहून स्वच्छ उत्तर मला कुठे सापडले नाही. आपण जिथे पडता पडता राहिलो, किंवा जिथे पडलो, त्या ठिकाणी जाऊन उभे राहायचे.

तुझे ते ठिकाण अकरावीत आहे. आता स्कूटरकडे येते.

एनएमएमएसचे सगळे तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्या पालकांसाठी सांगते. परीक्षा आठवीत, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी. सातवीत 55 टक्के हवेत, घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या वर नको. दोन पेपर, बुद्धिमत्तेचा आणि शालेय विषयांचा, प्रत्येकी 90 प्रश्न आणि 90 मिनिटे. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. तुझ्या वेळी 6,000 होते, 2017 पासून दुप्पट झाले. चार वर्षांचे 48,000. बसचा पास, वह्या, ट्यूशन आणि कधी महिन्याचे तांदूळसुद्धा त्यातून निघतात.

निवड झाली की आईबाप सुटलो म्हणतात, आणि शाळाही म्हणते. पण ही शिष्यवृत्ती दरवर्षी पुन्हा मागावी लागते. दहावीला 60 टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना 5 टक्क्यांची सवलत), आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो. तो संस्थेने पडताळायचा, मग वरच्या पातळीवर पडताळणी, मग आधारला जोडलेल्या खात्यात पैसे. आपल्या गावांकडे दहावीनंतर मूल हायस्कूल सोडून दुसरीकडे हायर सेकंडरीत जाते. जुनी शाळा म्हणते, आता आमचे मूल नाही. नव्या शाळेला माहीतच नसते की या मुलाला शिष्यवृत्ती आहे. मूल नव्या वर्गात, नव्या बसमध्ये, नव्या इंग्रजी पुस्तकांत बुडालेले. आणि मुदत निघून जाते.

नावांची भानगड वेगळी. आपल्याकडे एकाच घरात गावकर, गांवकार आणि गावंकर अशी तीन माणसे सापडतात, इंग्रजीत लिहिली की पाच होतात. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे, पासबुकावर तिसरे. घरात कोणाला त्याचे काही वाटत नाही. संगणकाला वाटते.

हे मी एवढे खात्रीने सांगते, कारण माझ्या हातून एक मुलगा असाच निसटला. डिचोली तालुक्यात मी वर्गशिक्षिका होते. 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा त्याच्या वडिलांचा ट्रक दारात उभा राहिला आणि बँकेचे हप्ते चालू राहिले. मुलगा हुशार, शिष्यवृत्ती मिळालेला. दहावी चांगल्या गुणांनी झाला, आम्ही पेढे खाल्ले, तो दुसऱ्या गावी अकरावीला गेला. नूतनीकरण तिथले लोक बघतील असे मी धरून चालले. तिथले लोक धरून चालले की आम्ही बघितले असेल. एक फोन करायचा होता. मी केला नाही.

चार वर्षांनी किनाऱ्याकडच्या एका हॉटेलात आम्ही नातेवाईक जेवायला गेलो होतो. पाण्याचा जग घेऊन तो पुढे आला आणि म्हणाला, 'बाई, पाणी गार देऊ की साधे?' आवाजात राग नव्हता, उलट मी भेटले याचा आनंद होता. बिल देताना मी विचारले तेव्हा त्याने सांगितले की अकरावीत पैसे आलेच नाहीत, घरी अडचण होती, मग बारावीला बसलोच नाही. 'पासबुक अजून आहे, बाई,' तो म्हणाला. का ठेवलेस, असे विचारायचे धाडस मला झाले नाही.

पैसे अडले म्हणूनच तो थांबला असे मी म्हणणार नाही, कारणे आणखीही असतील. पण मी न केलेला फोन त्यातले एक कारण होता, हे मी विसरलेले नाही.

तुझे क्लार्क सर तो फोन करणारे होते. तू त्यांच्या शाळेत राहिली नव्हतीस, तुझे काम त्यांच्या टेबलावरचे नव्हते, पेट्रोल त्यांचे होते. एका दुपारी ते तुला बँकेत घेऊन गेले आणि त्यामुळे आज वेर्ण्याला कुणीतरी खरा आकडा लिहिते. त्या दुपारी त्यांनी संस्था काढली नव्हती.

म्हणून माझे म्हणणे असे. सत्तरीतले एक हायस्कूल घे, तुझे स्वतःचेच. मुख्याध्यापकांना भेटून सांग की आठवीला निवड झालेल्या मुलांची बारावीपर्यंतची काळजी मी घेते. ट्रस्टकडे किंवा परस्पर घरांकडे जाऊ नकोस, शाळेतून आणि पालकांना विचारूनच जा, मुलांची कागदपत्रे ही नाजूक गोष्ट आहे. पासबुक, आधार यांचे फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये साठवू नकोस. एक वही कर. मुलाचे नाव, तीनही कागदांवर ते कसे लिहिले आहे, खाते आधारला जोडले आहे का, उत्पन्नाचा दाखला कधीचा, दहावीनंतर कुठे गेले, नव्या शाळेत हे काम कोण बघते. मामलेदार कचेरीतला दाखला वेळेत काढायची आठवण करायची. पोर्टलवरच्या मुदतीकडे लक्ष ठेवायचे. जूनमध्ये अकरावीला गेलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी एक फोन. महिन्यातून दोनदा तू घरी येतेसच, त्यातल्या एका रविवारचे दोन तास यासाठी पुरे. दुसरा रविवार आईचा.

किती मुले असतील? चार, फार तर सात. मेळाव्यात सांगायला हा आकडा लहान वाटेल. पण तू क्वालिटी कंट्रोलची मुलगी आहेस. प्रत्येक कागद तपासायचा, न जुळणारी गोष्ट तिथल्या तिथे लिहून ठेवायची, 'चालेल' म्हणून पुढे ढकलायची नाही, हे तू रोज पगार घेऊन करतेस. गावातल्या किती जणांना ही सवय आहे? तुझी एम. एस्सी. या वहीत उतरेल. विज्ञानाचे जादा वर्ग घ्यावेसे वाटले तर जरूर घे, पण आधी वही. वर्ग घेणारे पुष्कळ मिळतात.

जयंत नारळीकर टाटांच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले होते. परत आल्यावर त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, ते मोठे काम. पण सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर पाठवतो आणि खाली सही करतो. पोस्टकार्ड काही पैशांचे. ते काम त्यांच्या हातातल्या कामाच्या अगदी लगतचे होते, म्हणून वर्षानुवर्षे चालले. तुझेही असेच लगतचे असू दे. रजा काढून, घर मोडून, उसने बळ आणून केलेले दोन चवथी, म्हणजे दोन गणेशचतुर्थ्या, टिकत नाही.

संस्थेबद्दल थोडक्यात. नोंदणीला किमान सात सभासद लागतात, मग घटना, ठराव, बँक खाते, दरवर्षीचा हिशेब आणि ऑडिट. ज्या तरुणाने नोकरी सोडून संस्था काढली त्याचे मला मनापासून कौतुक आहे, कामच तसे मोठे असेल तर संस्था हवीच. पण तुझ्या चार-सात मुलांसाठी शाळा आहे, पालक-शिक्षक संघ आहे. फलक लावायच्या नादात मुलांचे रविवार ऑडिटच्या फायलीत जातील. पाच वर्षांनी वही तुझ्या हातात मावेनाशी झाली तर मला पुन्हा लिही, तेव्हा वेगळे बोलू.

पैसे द्यायचेच असतील तर टाटांची रीत मला पटते. जमशेटजींनी 1892 साली सुरू केलेली शिष्यवृत्ती कर्जाऊ असते. शिकून कमावता झालेला परत करतो, त्यातून पुढचा जातो. तुझ्या ट्रस्टने तुझ्याकडून काही मागितलेले नाही. भावाचे शिक्षण संपले की तू घेतलेली रक्कम हप्त्याहप्त्याने त्यांना परत पाठव, सत्तरीच्या मुलीसाठी म्हणून. आत्ता नको. आत्ता छप्पर.

मेळाव्याच्या आयोजकांनाही माझा निरोप दे. 'समाजासाठी काय करता' असा प्रश्न उभे करून विचारला की ज्यांच्याकडे सांगायला चित्र असते तेच बोलतात. नर्स, तलाठी, बालवाडीची बाई, लॅबमधली मुलगी खाली बसतात. त्याऐवजी 'तुम्ही कुठे अडला होतात आणि तिथे कोण भेटले' असे विचारून बघा म्हणावे. आणि तालुक्यातालुक्यांतल्या जुन्या मुलांची नव्या मुलांशी गाठ घालून द्या.

पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा क्लार्क सरांकडे जा. निवृत्त झाले असतील, घर तुला माहीत असेल. हात हलवत जाऊ नकोस, हंगाम असेल तर घरचे चार काजूगर ने. तुझी नोकरी काय आहे ते त्यांना सांग, सहा भांड्यांसकट. मग विचार की तुझ्याखेरीज आणखी किती मुलांना त्यांनी त्या स्कूटरवर नेले होते, आणि अर्ज कुठे कुठे अडतो. ते सांगतील ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घे.